तिसऱ्या माणसाचा पगार

माधवी लग्न होऊन देवासहून धारला आली त्याला तीस वर्षं होत आली, आणि एवढ्या वर्षांत ती सासऱ्यांशी एकदाही थेट बोललेली नव्हती. भांडण वगैरे काही नाही. उलट त्या घरात एकमेकांचं मन राखणारी दोनच माणसं होती, एक बळवंतराव आणि दुसरी त्यांची सून. पण जुन्या दरबारी मराठा घरांचा रिवाजच तसा. सुनेनं सासऱ्यांसमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोर बसायचं नाही, आणि तोंड उघडून बोलायचं तर मुळीच नाही. सासऱ्यांनीही सुनेकडे मान वर करून बघायचं नाही. संस्थान गेलं, पागा गेली, पागेतले घोडे गेले, ज्या पणजोबांच्या नावावर हा सगळा तोरा चालायचा त्यांची तसबीरसुद्धा वाळवीनं खाल्ली. रिवाज तेवढा तीन खोल्यांच्या घरात गॅसच्या सिलिंडरशेजारी जागा धरून बसला होता.

मग बोलणं व्हायचं कसं? तिसऱ्या माणसाकरवी. सासूबाई होत्या तोवर बळवंतराव जेवताना त्यांना म्हणायचे, "सूनबाईंना सांगा, आमटी फक्कड झाली." सूनबाई दोन हातांवर उभी असायची, तिच्या कानांत काही बोळे नसायचे, पण सासूबाई वळून म्हणायच्या, "आमटी फक्कड झाली म्हणताहेत." मग माधवी सासूबाईंना सांगायची, "अजून वाढू का, विचारा." असा तो टपालखात्याचा कारभार. सासूबाई गेल्या आणि नात अनन्या निरोप्या झाली. ती शाळेत गेलेली असली की बळवंतराव उंबऱ्याशी खाकरायचे आणि भिंतीला विचारायचे, "कोणी आहे का? चहा मिळेल का?" भिंतीला चहा करता येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. चहा मात्र यायचा.

या रिवाजाला हसणं सोपं आहे. पण याच टपालानं बळवंतरावांनी एकदा निरोप धाडला होता की सूनबाईंना सांगा, बी.एड.चे फॉर्म निघालेत, मी आणून ठेवलाय. नवऱ्याला, शिवाजीरावाला, ते सुचलं नव्हतं. माधवी बी.एड. झाली आणि एका खासगी शाळेत पाचवी ते आठवीला हिंदी शिकवू लागली. पगार बेताचाच, नऊ हजारांच्या वर तो कधी गेला नाही. पण सकाळी ती पर्स खांद्याला लावून निघाली की ओट्यावर बसलेले बळवंतराव वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. सुनेला डोक्यावर पदर न घेता, ताठ मानेनं कामावर जाता यावं म्हणून. कधी कधी पेपर उलटा असायचा. माधवी गल्लीच्या वळणापर्यंत हसत जायची.

तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि बळवंतरावांची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण कळत सगळं होतं. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो आंघोळीचा आणि भांड्याचा. सून भात भरवील, गोळ्या देईल. पण ब्याऐंशी वर्षांच्या सासऱ्यांचं अंग पुसणं, त्यांना लघवीचं भांडं देणं, धोतर बदलणं हे त्या घरात सुनेच्या वाट्याला येणं कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. शिवाजीराव पीथमपूरच्या कारखान्यात स्टोअरकीपर. पहाटे शिफ्टच्या बसनं जायचा, दिवेलागणीला यायचा. तेव्हा इंदूरच्या एका एजन्सीकडून दिवसभराचा माणूस ठेवला.

हर्षित खातेगांवकडचा. तिशी ओलांडलेला, दोन पोरींचा बाप. वाट्याला आलेल्या सोयाबीनच्या तुकड्यावर भागेना म्हणून या धंद्यात पडलेला. कामाला बरा होता, फार चांगला नव्हता. मालिश करताना मोबाइल बघायचा, दुपारी बळवंतरावांच्या आधी त्यालाच झोप लागायची. पण तोंड सुरू झालं की थांबायचं नाही. बळवंतरावांना तो बासाब म्हणायचा, माधवीला भाभीजी. "भाभीजी, बासाब के रिये हैं, दाल में हींग जास्ती हो गई." "भाभीजी, बासाब पूछ रिये हैं, इस्कूल में परीक्षा कब से है." अनन्या शिकायला बाहेर गेल्यापासून बंद पडलेलं घराचं टपाल पुन्हा सुरू झालं. संध्याकाळी शाळेतून आल्यावर माधवी दाराआड उभी राहून हर्षितला वर्गातल्या गमती सांगायची, आणि हर्षित त्या हिंदीत, पदरचा मीठमसाला घालून, तीन हातांवरच्या पलंगापर्यंत पोचवायचा. आतून बळवंतरावांचं अर्ध्या तोंडाचं हसणं ऐकू यायचं. कधी हर्षित सांगायचा की बासाबांना भजी खावीशी वाटतायत. बासाबांना भजी चावता येत नाहीत हे माधवीला माहीत होतं. ती तरी तळायची.

हे सुख फुकटचं नव्हतं. बारा हजार एजन्सीला जायचे, वर हर्षितचं जेवण, दोनदा चहा, वर डायपर, रबरी चादर, मालिशचं तेल. बळवंतरावांची नोकरी सहकारी सोसायटीतली, पेन्शन नावापुरतं. अनन्या इंदूरला हॉस्टेलात राहून शिकत होती. कारखान्यानं ओव्हरटाइम बंद केला आणि त्याच सुमाराला एजन्सीनं बाराचे पंधरा केले. दुष्काळात तेरावा महिना.

एका रविवारी चहा पिताना शिवाजीरावानं विषय काढला. तो काही वाईट माणूस नाही. आयुष्यभर स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत आलेल्या माणसाला जे दिसतं ते त्याला दिसलं, इतकंच.

"तुझे नऊ येतात, त्याचे पंधरा जातात," तो म्हणाला. "म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तू घरी राहिलीस तर महिन्याला सहा वाचतात. सकाळ-संध्याकाळचं आबासाहेबांचं मी बघतो. मधल्या वेळेपुरतं तुझ्याकडे."

"आणि मधल्या वेळेत त्यांना लागलं तर?"

"भांडं डाव्या हाताशी ठेवायचं. तेवढं त्यांना जमतं आता. तुला फक्त उचलायचं."

वजाबाकी बरोबर होती. माधवीनं मनातल्या मनात दोनदा करून पाहिली, उत्तर तेच आलं. तिला शाळा सोडायची नव्हती, पण नऊ हजारांसाठी पंधरा घालवा असं कुठल्या तोंडानं म्हणणार? फक्त दोघांनीही एक केलं नाही. आतल्या खोलीत ज्या माणसासाठी हे चाललं होतं त्याला विचारलं नाही. शिवाजीरावाला गरज वाटली नाही आणि माधवीनं विचारायचं तर कसं, निरोप नेणारा माणूसच कामावरून कमी होत होता.

हर्षित जाताना बळवंतरावांच्या पाया पडला आणि म्हणाला, "बासाब, अब भाभीजी से खुद ही बात कर लिया करो." बळवंतराव हसले. थट्टा म्हणून ते ठीक होतं.

सोमवारी सकाळी माधवी घरीच राहिलेली दिसली तेव्हा हर्षितच्या जागी कोण आलंय ते त्यांना कळलं. त्या दिवशी ओट्यावरून पर्स घेऊन कोणी गेलं नाही. दुपारी माधवी पदर नाकापर्यंत ओढून भांडं उचलायला आत गेली, आणि तिची चाहूल लागताच बळवंतरावांनी डाव्या हातानं चादर डोक्यावरून घेतली. पायांपासून केसांपर्यंत ते माणूस झाकलेलं होतं. तिनं घाईघाईनं भांडं नेलं, धुतलं, परत ठेवलं. बाहेर येऊन तिनं हात साबणानं पुन्हापुन्हा धुतले आणि आपण असे हात धुतोय याचीच तिला लाज वाटली.

पहिला आठवडा असाच गेला. नंतर मात्र सगळं हळूहळू सोपं होत गेलं. भांडं आधी दिवसातून तीन-चारदा उचलावं लागायचं, ते एकदावर आलं. पुढे कित्येक दिवस तर संध्याकाळी शिवाजीराव येईपर्यंत ते कोरडंच असायचं. जेवणही त्यांनी कमी केलं, चार घास खाल्ले की मान हलवायचे. पाण्याचं मात्र ठीक होतं. माधवी सकाळी तांब्या-भांडं भरून त्यांच्या डाव्या हाताशी, खिडकीजवळ ठेवायची. संध्याकाळी तांब्या रिकामा.

"आबासाहेब काही त्रासच देत नाहीत गं," देवासला आईशी फोनवर बोलताना ती म्हणाली. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटत होतं. शिवाजीरावालाही वाटत होतं. "बघ, सुंठीवाचून खोकला गेला," तो म्हणाला. महिन्याचे सहा हजार वाचत होते, म्हातारा शांत होता, सून घरात होती. बघणाऱ्याला वाटावं की सगळं मार्गी लागलं. फक्त त्या घरात दिवसभर माणसाचा आवाज उरला नव्हता. पलीकडच्या खोलीत खाकरणंसुद्धा थांबलं होतं. माधवी कधी कधी उगाच भांडी वाजवायची.

वैशाखात धार नुसतं भाजून निघालं. कॉलनीतली माती तडकली, कडुलिंबाखालचं गवत पार पिवळं पडलं. पण बळवंतरावांच्या खिडकीखाली, भिंतीच्या कडेला, हातभर जागेत हिरव्यागार दूर्वा उगवल्या होत्या. माधवीला नवल वाटलं. शेजारणींना कुठे दूर्वा मिळेनात, आणि आपल्या दारी हे असं. मंगळवारी-चतुर्थीला ती तिथूनच दूर्वा खुडायची, जुडी बांधायची आणि देवघरातल्या गणपतीला वाहायची.

एका दुपारी आतून बडबड ऐकू आली. बळवंतराव गेलेल्या सासूबाईंना हाक मारत होते, घोड्याला चंदी घातली का विचारत होते. अंगाला हात लावता येत नव्हता इतका ताप. शेजारच्यांच्या मदतीनं माधवीनं त्यांना इस्पितळात नेलं, शिवाजीराव पीथमपुराहून परस्पर तिकडे आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बळवंतरावांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली.

"शरीर में पानी ही नहीं है," त्या म्हणाल्या. "पेशाब का इन्फेक्शन पूरा ऊपर तक गया है, किडनी पर असर है. कितने हफ़्तों से पानी नहीं पिया इन्होंने? पानी कौन देता था?"

"मैं देती थी," माधवी म्हणाली. "रोज पूरा लोटा ख़ाली होता था."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर माधवी जन्मात विसरायची नाही. खोटं बोलणाऱ्या, म्हाताऱ्याला टाकून टीव्ही बघत बसणाऱ्या सुना त्यांनी पुष्कळ पाहिल्या असतील. त्यातलीच ही एक.

दुसऱ्या दिवशी धोतरं आणायला ती घरी आली. खोलीला कोंदट वास येत होता म्हणून तिनं खिडकी सताड उघडली आणि खाली वाकली. खिडकीच्या चौकटीपासून जमिनीपर्यंत भिंतीवर ओघळाचा काळसर पट्टा उतरला होता. त्याच्या टोकाला त्या दूर्वा.

आधी तिला संताप आला. इतका की हातातली धोतरं तिनं पलंगावर आपटली. मग ती तिथेच खाली बसली. प्यायलं तर लघवीला लागणार, लागली तर भांडं भरणार, भरलं तर ते सूनबाई उचलणार. एवढं टाळण्यासाठी त्या माणसानं वैशाखात आपल्या वाटचं पाणी रोज डाव्या हातानं खिडकीबाहेर ओतलं होतं. आणि ती ज्या सोपेपणावर खूश होती तो त्यांच्या तहानेचा होता. माधवी रडली, पण फार वेळ नाही. धोतरं न्यायची होती.

वॉर्डात गेली तेव्हा बळवंतराव शुद्धीवर होते. शिवाजीराव औषधं आणायला गेला होता, शेजारची खाट रिकामी होती. माधवीनं पेल्यात पाणी ओतलं आणि पलंगाजवळ उभी राहिली.

"आबासाहेब, पाणी प्या," ती म्हणाली.

बळवंतरावांनी चमकून दाराकडे पाहिलं. सवयीनं ते तिसरं माणूस शोधत होते. दारात कोणी नव्हतं.

"इकडे तिकडे बघू नका, मीच बोलतेय," माधवी म्हणाली. "पाणी कुठे जायचं ते मी बघितलं. आता मी देईन ते प्यायचं आणि पुढचं मी करीन. मला त्याचं काही वाटत नाही."

शेवटचं वाक्य खोटं होतं. तिला वाटत होतं, आणि तिला वाटतं हे त्यांनाही ठाऊक होतं. तिचा पदर खांद्यावर घसरला होता, तो तिनं सावरला नाही. बळवंतरावांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. पेला रिकामा होईपर्यंत त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. माधवीनं ते पुसलं नाही. तेवढी मर्यादा तिनं पाळली.

ते वाचले. महिनोन् महिने सहा-सहा करून जे वाचवलं होतं ते, आणि अनन्याच्या पुढच्या फीसाठी बाजूला ठेवलेलं, असं सगळं इस्पितळात एका आठवड्यात गेलं. शिवाजीराव बिल भरून आला आणि त्या दिवशी जेवला नाही. त्याला बोल लावावा असं माधवीला वाटलं, पण लावणार कसा? वजाबाकी तिनंही दोनदा करून पाहिली होती.

घरी आल्यावर बळवंतराव शहाण्या मुलासारखे वागू लागले. दर दोन तासांनी पाणी दिलं की पीत. कुशीवर वळवलं की वळत. माधवी कपडे बदलताना भिंतीकडे तोंड करून पडून राहत. चादर आता ते तोंडावर घेत नसत, जणू झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि त्यांनी बोलणं सोडलं. सुनेशी नव्हतंच, पण मुलाशीही नाही, सुट्टीत आलेल्या अनन्याशीही नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं. माधवीला माहीत होतं की वय वगैरे काही नाही. तिनं त्यांचा जीव वाचवला होता आणि ज्याच्या आधारावर ते जगत आले होते ते त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. दुसरा इलाज नव्हता, आणि म्हणून तिला कुणावर रागावताही येत नव्हतं. माणूस समोर पलंगावर पडलेला आणि तिला त्याची आठवण यायची. उंबऱ्याशी खाकरण्याची, आमटीच्या निरोपांची.

हर्षितला परत आणावं म्हणून तिनं एजन्सीला फोन केला. हर्षित इंदुरात एका घरी लागला होता. दुसरा माणूस होता, पण आता अठरा हजार. ती शाळेत गेली. तिच्या जागेवर एक मुलगी सात हजारांत लागली होती, आणि मुख्याध्यापिका म्हणाल्या की पुढच्या वर्षी बघू. संध्याकाळी तिनं शिवाजीरावाला सांगितलं, "कर्ज काढा, पण माणूस ठेवा. त्यांच्यासाठी."

"कशाला?" शिवाजीराव म्हणाला. तो खरोखरच गोंधळला होता. "आता तर तुला जमतंय की."

हे खरं होतं.

श्रावणात देवासहून उदाजीराव आला. शिवाजीरावाचा आतेभाऊ, बळवंतरावांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आत्याबाई न्हाणीघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. मामाला बघायला म्हणून तो आला, पण चहा पुढ्यात येताच मुद्द्यावर आला. दोघे भाऊ बळवंतरावांच्याच खोलीत खुर्च्या टाकून बसले होते. माधवी पलंगाच्या उशाशी गोळ्या काढत होती.

"भिया, खरं सांग," उदाजीराव म्हणाला. "आईला घरीच ठेवायचं तर महिन्याला बसतं किती? मी दोन ठिकाणी विचारलं, डोकं गरगरलं माझं. रात्रीच्या बाईचे वेगळे, दिवसाचे वेगळे."

"आम्हीपण आधी माणूस ठेवला होता," शिवाजीराव म्हणाला. "पाण्यासारखा पैसा गेला. त्या भानगडीत पडू नकोस. आता आम्हाला खर्च असा काहीच नाही. माधवी आहे ना." आणि तो माधवीकडे बघून हसला. ते कौतुकच होतं. "तुझ्या बायकोला म्हणावं, सोड नोकरी. ते सोपं पडतं."

"तेच म्हणत होतो मी तिला," उदाजीराव म्हणाला. "ती तयार होत नाहीये."

पलंगावर हालचाल झाली. बळवंतरावांचे ओठ हलत होते. तहान लागली असेल म्हणून माधवी पेला घेऊन वाकली. बळवंतरावांनी मुलाकडे पाहिलं नाही, भाच्याकडे पाहिलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मान वर करून सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले. शब्द जड होते, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेले. "तुम्ही देवासास जा. माहेरी. परत येऊ नका."

शिवाजीराव उदाजीरावाला हळूच म्हणाला, "अधूनमधून भ्रम होतो त्यांना." उदाजीरावानं कपात पाहिलं.

भ्रम नव्हता. बळवंतराव तिच्याकडे तसेच बघत होते आणि उत्तराची वाट पाहत होते. त्यांच्याजवळ द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं. आपण तहानेनं मरू, घाणीत पडून राहू, हे सगळं समजून त्यांनी ते म्हटलं होतं. देवासला आई होती, भाऊ होता, तिला कोणी ये म्हटलं नसतं तरी जा म्हणालं नसतं. एखादी शाळाही मिळाली असती.

"हो, आबासाहेब," माधवी म्हणाली. ती कुठेच गेली नाही. त्यांच्या पाण्याची वेळ झाली होती.